इमारतीचा नकाशा आणि सहीचे मोल

माणूस आपल्या आयुष्यात ज्या वस्तू विकत घेतो किंवा घडवून घेतो, त्यांपैकी घर ही बहुधा सर्वांत महाग वस्तू असते. आणि तरीही तिचीच पारख करणे त्याला सर्वांत अवघड जाते. कापड हाताला लावून पाहता येते, धान्य दाताखाली धरून पाहता येते, बैल चार पावले चालवून पाहता येतो. घराचे तसे नाही. ज्या गोष्टींवर घराची सुरक्षितता अवलंबून असते, त्या सर्व काम पुरे होता होता कायमच्या झाकल्या जातात. पायाखालची माती, खांबातील सळ्या, काँक्रीटमध्ये घातलेले पाणी यांपैकी काहीही नंतर दिसत नाही. गिलावा झाला आणि रंग लागला की चांगली इमारत आणि वाईट इमारत सारखीच दिसते. दोहोंतील फरक कळतो तो पुष्कळदा एखाद्या संकटाच्या दिवशी, आणि तेव्हा तो कळून काही उपयोग नसतो.

परवानाधारक वास्तुविशारद आणि अभियंता यांची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर येथूनच सुरू होते. त्यांना दिला जाणारा मोबदला हा कागदावर काढलेल्या रेघांचा मोबदला आहे, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. नगरपालिकेतून नकाशा मंजूर करून आणणे एवढेच त्यांचे काम, आणि मग खरे बांधकाम मिस्त्री आणि कंत्राटदार यांनी करायचे, असे अनेक घरमालक मानतात. ही समजूत किती महागात पडते हे आपल्या देशाने गेल्या काही दशकांत अनेकदा अनुभवले आहे.

कोण काय करतो

प्रथम या दोन व्यावसायिकांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. वास्तुविशारद, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात आर्किटेक्ट म्हणतो तो, इमारतीची रचना योजतो. जागेचा आकार, वारा आणि ऊन यांची दिशा, राहणाऱ्यांच्या गरजा, जिने, मोऱ्या, बाहेर पडण्याचे मार्ग आणि शासनाचे नियम या सर्वांचा मेळ तो घालतो. संरचना अभियंता त्या रचनेचा सांगाडा ठरवतो. कोणत्या खांबावर किती भार येईल, तुळईची खोली किती असावी, सळ्या कोठे आणि किती घालाव्यात, पाया किती खोल न्यावा, हे तो गणिताने काढतो. एकाचे काम दुसऱ्याने करू नये असे नाही. परंतु एकाने दुसऱ्याला विचारल्यावाचून आपले काम पुरे करू नये, हे मात्र खरे.

आपल्या देशात या दोन व्यवसायांची कायदेशीर स्थिती सारखी नाही. वास्तुविशारदांसाठी संसदेने १९७२ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. त्यान्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद पात्र व्यक्तींची नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला ‘वास्तुविशारद’ हे अभिधान लावता येत नाही. व्यवसायात गैरवर्तन केल्याचे सिद्ध झाल्यास परिषद नोंदणी रद्द करू शकते. मात्र हा कायदा अभिधानाला संरक्षण देतो. इमारतीची योजना करण्याचे काम इतरांनी करू नये, असे तो म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. अभियंत्यांसाठी १९७२ च्या अधिनियमासारखा कायदा त्या वेळी झाला नाही, पुढेही दीर्घकाळ झाला नाही. संरचना अभियंत्याला परवाना देण्याचे काम महानगरपालिका, नगरपालिका आणि विकास प्राधिकरणे आपापल्या नियमांनुसार करीत आली. म्हणजे एखादा माणूस स्वतःला ‘इंजिनिअर’ म्हणवतो एवढ्याने त्याला आपल्या गावात इमारतीच्या संरचनेची जबाबदारी घेण्याचा परवाना आहे, असे सिद्ध होत नाही. तो परवाना पाहण्यास मागणे हा घरमालकाचा हक्क आहे, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंपरेचे ज्ञान आणि त्याच्या मर्यादा

यावर कोणी म्हणेल की, आपल्या पूर्वजांनी वाडे, देवळे आणि घाट बांधले ते कोणत्या परवान्याच्या बळावर? आक्षेप रास्त आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच प्रदेशात, एकाच साहित्याने काम करणाऱ्या गवंड्यांजवळ आणि सुतारांजवळ फार मोलाचे ज्ञान साठलेले असते. कच्छमधील भुंगा, म्हणजे मातीच्या वर्तुळाकार भिंतींचे आणि शंकूच्या आकाराच्या गवती छपराचे घर, २००१ च्या भूकंपात पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले. आसामात १२ जून १८९७ च्या प्रचंड भूकंपानंतर लाकडी सांगाडा आणि बोरूच्या कुडाच्या हलक्या भिंती असलेली घरे रूढ झाली. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत विटा अगर दगड भरून केलेल्या ‘धज्जी देवारी’ भिंतींनी २००५ च्या भूकंपात आपले सामर्थ्य दाखवले. या घरांच्या कारागिरांजवळ पदवी नव्हती. परंतु संकटाची आठवण होती, आणि ती बांधणीच्या पद्धतीत उतरली होती.

जेथे ही आठवण नव्हती, तेथे काय झाले हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे मान साधारण ६.२ होते, जगात अशा मानाचे भूकंप दुर्मीळ नाहीत. एवढी हानी झाली ती प्रामुख्याने घरांच्या बांधणीमुळे. भिंती जाड होत्या, पण त्या दगडमातीच्या होत्या. आतले आणि बाहेरचे अशी दगडांची दोन तोंडे रचून मधली पोकळी लहान दगडांनी आणि मातीने भरलेली असे. दोन्ही तोंडांना सांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेच नव्हते. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी मातीचा नवा थर चढत गेला आणि छपराचे ओझे वाढत गेले. उन्हापासून आणि चोरापासून राखण करणारी ही जाड भिंत हादरा बसताच दोन्ही बाजूंना फाकली आणि झोपलेल्या माणसांवर कोसळली. अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या, पण भोवतालच्या भिंतींनी माणसांचा जीव घेतला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. म्हणजे तज्ज्ञांचे ज्ञानही अपुरे होते. परंतु परंपरा आणि शास्त्र यांतील एक महत्त्वाचा भेद या प्रसंगातून दिसतो. शास्त्र आपली चूक लिहून ठेवते आणि दुरुस्त करते. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानक सुधारण्यात आले, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. गावच्या गवंड्याचा अनुभव कितीही खरा असला, तरी तो त्याच्या गावाच्या आठवणीपलीकडे जाऊ शकत नाही. परवानाधारक अभियंत्याला मात्र साऱ्या देशाच्या अनुभवातून सिद्ध झालेले मानक वापरावे लागते.

नव्या साहित्याची कसोटी

विसाव्या शतकात आणखी एक बदल झाला. दगड, माती आणि लाकूड यांची जागा सिमेंट, खडी आणि लोखंडी सळई यांनी घेतली. हे साहित्य बलवान आहे, पण फसवेही आहे. दगडी भिंत तिरपी गेली की डोळ्यांना दिसते. काँक्रीटचा खांब मात्र आतून पोकळ राहिला असला तरी बाहेरून गुळगुळीत दिसू शकतो.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला, वजनाने निम्मे म्हणजे २५ लिटर पाणी, असे प्रमाण ठरवले आहे असे समजा. मिश्रण घट्ट असले की ते घमेल्यातून ओतणे आणि साच्यात ठासणे कष्टाचे होते. मग काम सोपे व्हावे म्हणून मजूर आणखी दहा लिटर पाणी घालतात. मिश्रण सुरेख पसरते, कंत्राटदार खूष होतो, मालकालाही काम झपाट्याने होताना दिसते. परंतु त्या दहा लिटरांनी काँक्रीटचे बळ सुमारे एक तृतीयांशाने घटलेले असते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या मागे सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. त्यांतून दमट हवा सळ्यांपर्यंत पोहोचते आणि सळ्या गंजू लागतात. उलट, काँक्रीट घट्ट झाल्यानंतर त्याला पाण्याची फार गरज असते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, आणि उष्ण व कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. नको तेव्हा अधिक आणि हवे तेव्हा कमी पाणी, हा आपल्याकडील बांधकामाचा नेहमीचा दोष आहे.

सळ्यांची गोष्टही अशीच आहे. खांबातील उभ्या सळ्यांना जागोजाग आडवे वेढे घातलेले असतात; कामावरची माणसे त्यांना रिंगा म्हणतात. या रिंगा उभ्या सळ्यांना बाहेर फाकू देत नाहीत आणि आतल्या काँक्रीटला जखडून धरतात. भूकंपात खांब आणि तुळई यांच्या सांध्याजवळ सर्वाधिक ताण येतो. म्हणून १९९३ च्या मानकाने तेथे रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवावीत, असे सांगितले. टोके नुसती काटकोनात वळवली तर हादऱ्याने बाहेरचे काँक्रीट सुटते, रिंग उघडते आणि खांब चिरडतो. एक टोक किती अंशांत वळवले, एवढ्या बारीक गोष्टीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात; आणि ती गोष्ट पाहण्याची संधी काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या काही तासांपुरतीच मिळते. त्या तासांत तेथे कोण हजर होते, हा खरा प्रश्न आहे.

सही होती, नजर नव्हती

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी गुजरातमध्ये झालेल्या भूकंपाने या प्रश्नाला भयंकर उत्तर दिले. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ होते. गुजरातेत १३,००० हून अधिक माणसे दगावली. कच्छमधील विध्वंस मोठा होता. परंतु अभियंत्यांना अधिक अस्वस्थ करणारी घटना केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबाद शहरात घडली. तेथे सिमेंट-काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे त्यांखाली गाडली गेली. या इमारती जुन्या नव्हत्या, मातीच्या नव्हत्या, आणि अशिक्षितांनी बांधलेल्याही नव्हत्या. त्यांचे नकाशे होते आणि त्या नकाशांवर सह्याही होत्या.

तपासणीत जे दोष आढळले त्यांत एक वारंवार दिसला. वाहने ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेला होता. तेथे केवळ खांब होते. वरच्या मजल्यांवर खोल्यांच्या विटांच्या भिंती असल्याने तो भाग ताठ होता. जमीन हलली तेव्हा वरची सारी इमारत एखाद्या पेटीसारखी एकसंध हलली आणि हालचालीचा सर्व ताण तळमजल्याच्या सडपातळ खांबांवर येऊन पडला. खांब मोडले आणि वरचे मजले खाली बसले. काही इमारतींत वरच्या मजल्यांचे क्षेत्र वाढवण्यासाठी ते बाहेर काढलेले होते आणि त्यांचे खांब जमिनीपर्यंत न नेता तुळयांच्या टोकांवर उभे केलेले होते. अपुऱ्या रिंगा आणि निकृष्ट काँक्रीट यांनी उरलेले काम केले.

भूकंपाला तोंड देणाऱ्या रचनेचे भारतीय मानक १९६२ पासून अस्तित्वात होते. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रसिद्ध झाली होती. ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु मानक छापले म्हणजे ते पाळले जाते असे नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते पाळलेच पाहिजे असे बंधनही नव्हते. शिवाय अनेक ठिकाणी वास्तुविशारद आणि अभियंता यांचे काम कागद देण्यापुरतेच होते. बांधकामावर देखरेख करणे त्यांच्याकडे सोपवलेलेच नव्हते. भूकंपानंतर बिल्डर, अभियंते आणि वास्तुविशारद यांच्यावर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. मोकळ्या तळमजल्याच्या खांबांसाठी अडीचपट अधिक बळ धरून रचना करावी, असा कठोर नियम २००२ च्या सुधारित मानकात आला. किल्लारीला तज्ज्ञ नव्हता. अहमदाबादला तो कागदावर होता. मरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंत फरक नाही.

मालकाने काय मागावे

यावरून निष्कर्ष असा निघतो की, परवान्याचे मोल त्यामागच्या जबाबदारीत आहे. जी गोष्ट उद्या झाकली जाणार आहे ती आज एका जाणत्या माणसाने पाहिली आणि तिच्याबद्दल आपल्या नावाने उत्तरदायित्व स्वीकारले, हा त्या सहीचा अर्थ. तो अर्थ राहावा अशी इच्छा असेल, तर मालकाने सहीबरोबर नजरही मागितली पाहिजे.

पहिली मागणी मातीच्या परीक्षेची. दख्खन, माळवा आणि गुजरात यांच्या मोठ्या भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरील भिंतींना तडे पाडते. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर गोळा असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. हे खांब साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जेथे ऋतूनुसार ओलावा बदलत नाही अशा थरापर्यंत नेतात. आपल्या जागेला असा पाया हवा की साधा पुरेल, हे माती पाहिल्यावाचून कोणीही सांगू नये.

दुसरी मागणी, तज्ज्ञाला आरंभीच बोलावण्याची. जागेचा व्यवहार होण्यापूर्वी घेतलेला सल्ला सर्वांत स्वस्त असतो. पाया भरल्यानंतर घेतलेला सल्ला बहुधा पश्चात्तापाच्या स्वरूपाचा असतो. तिसरी मागणी, ठरावीक टप्प्यांवर प्रत्यक्ष पाहणीची: पायाचा खड्डा खणल्यावर, जोत्याची पातळी आल्यावर, आणि प्रत्येक स्लॅबच्या व खांबाच्या सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी. या पाहण्या करारात लिहिलेल्या असाव्यात आणि त्यांचा मोबदलाही ठरलेला असावा. फुकट देखरेखीची अपेक्षा ठेवणारा मालक देखरेखच गमावतो. चौथी गोष्ट, हा तज्ज्ञ मालकाने नेमलेला असावा, कंत्राटदाराने नव्हे. ज्याची चूक शोधायची त्याच्याच हातून वेतन घेणाऱ्याची नजर मोकळी राहत नाही. पाचवी गोष्ट मालकाने स्वतःला घालून घेण्याच्या बंधनाची आहे. काम चालू असताना एखादा खांब अडचणीचा वाटला, एखादी भिंत हलवावीशी वाटली, वर आणखी एक मजला चढवावासा वाटला, तर मिस्त्रीशी परस्पर बोलून तसे करू नये. सांगाड्यातील प्रत्येक अवयव दुसऱ्या अवयवावर भिस्त ठेवून असतो.

तयार सदनिका विकत घेणाऱ्याची स्थिती अधिक दुबळी असते, कारण तज्ज्ञाची नेमणूक त्याच्या हाती नसते. त्याच्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम, ज्याला व्यवहारात रेरा म्हणतात, काही आधार देतो. ग्राहकांचा पैसा ज्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो त्यातून रक्कम काढण्यासाठी बिल्डरला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे प्रमाणपत्र लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा दोष निदर्शनास आणल्यास तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. तरीही संरचना अभियंत्याचे नाव काय, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे दोन प्रश्न ग्राहकाने स्वतः विचारले पाहिजेत.

गरिबाच्या घराचे काय

हे सर्व शहरातील सधन माणसासाठी झाले, गावातील दोन खोल्यांच्या घराला तज्ज्ञ कोठून परवडणार, ही शंका उरतेच. ती टाळून चालणार नाही, कारण देशातील असंख्य घरे मालक आणि गवंडी यांनीच मिळून उभी केलेली असतात. परंतु गुजरातच्या पुनर्बांधणीने येथेही एक मार्ग दाखवला. दोन लाखांच्या घरात नवी घरे तेथे बांधली गेली, आणि त्यांपैकी बहुसंख्य घरे मालकांनी स्वतःच बांधली. शासनाने मदत हप्त्याहप्त्याने दिली आणि पुढचा हप्ता मागच्या टप्प्याच्या तपासणीशी जोडला. गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले. महाराष्ट्रातही १९९३ नंतर जुन्या दगडी घरांच्या भिंतींत आरपार सांधे घालून आणि भोवताली पट्टे बांधून ती बळकट करण्याचे काम हजारो घरांत झाले. प्रत्येक झोपडीला स्वतंत्र अभियंता मिळणार नाही. पण एका अभियंत्याचे ज्ञान शंभर गवंड्यांच्या हातांत उतरू शकते आणि त्यांचे काम कोणीतरी जबाबदारीने तपासू शकते.

खर्चाचा हिशेब करताना आपण तज्ज्ञाचा मोबदला तेवढा मोजतो, कारण तो एकदम आणि रोख द्यावा लागतो. दर पावसाळ्यात गळणारे छत, गंजलेल्या सळ्यांमुळे सुटणारे काँक्रीटचे पापुद्रे, वीस वर्षांतच करावी लागणारी दुरुस्ती या गोष्टी आपण त्या हिशेबात धरत नाही. आणि जी हानी पैशांत मोजताच येत नाही, तिचा विचार तर आपण अभद्र मानून टाळतो. घर बांधू इच्छिणाऱ्याने निदान एक प्रश्न स्वतःला विचारावा: स्लॅबचे काँक्रीट ओतले जाण्यापूर्वी त्यातील सळ्या कोणी पाहिल्या, आणि त्याचे नाव मला ठाऊक आहे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत काम थांबवण्यात जे दोन दिवस जातील, ते त्या घराच्या आयुष्यातील सर्वांत सत्कारणी लागलेले दिवस ठरतील.